आल्प्समधला ट्रक आणि घोडबंदरचा ट्रक

संपादक महोदय,

ठाणे-बोरिवली रस्ता बोगद्याचा विषय निघाला की स्वित्झर्लंडचे नाव हमखास येते. ‘त्यांनी डोंगर पोखरले आणि वाहतूक सुटली, आपणही तेच करू,’ असा एकंदर सूर असतो. बोगद्याला आमचा विरोध नाही. पण दाखला अर्धाच दिला जातो. त्या देशाने बोगदे खणले हे खरे. ट्रकला मात्र त्याने मोकळे रान कधीच दिले नाही.

हा देश 41,285 चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्श्याएवढा. वस्ती सुमारे 90 लाख. साठ टक्क्यांच्या आसपास जमीन आल्प्सची, समुद्रकिनारा नाही, उत्तरेला जर्मनीचे कारखाने आणि दक्षिणेला इटलीचे. त्यामुळे आल्प्स ओलांडणाऱ्या मालापैकी मोठा हिस्सा परक्यांचा. उरी आणि टिचिनो या डोंगराळ प्रांतांतल्या अरुंद दऱ्यांना मिळतो तो धूर आणि आवाज. उरण-न्हावा शेव्याचे कंटेनर गुजरातकडे जाताना घोडबंदर रस्त्यावरच्या कापूरबावडी ते गायमुख पट्ट्यातल्या रहिवाशांना हे दुखणे समजावून सांगायला नको.

तिथल्या मतदारांनी फेब्रुवारी 1994 मध्ये सार्वमत घेऊन थेट राज्यघटनेत घातले की, सीमेपासून सीमेपर्यंत जाणारा परका माल रेल्वेने जाईल आणि आल्प्समधल्या पारगमन रस्त्यांची क्षमता वाढवली जाणार नाही. 1998 मध्ये आणखी एक सार्वमत झाले आणि 1 जानेवारी 2001 पासून अवजड वाहनांवर कर सुरू झाला. त्याची आकारणी बघण्यासारखी आहे. साडेतीन टनांवरच्या प्रत्येक मालवाहू गाडीला वजन गुणिले अंतर गुणिले इंजिनाच्या धुराचा वर्ग, असा हिशेब लागतो. सर्वांत स्वच्छ डिझेल इंजिनालाही टनामागे दर किलोमीटरला सव्वादोन रापेनहून अधिक पडतात (शंभर रापेनचा एक फ्रँक). चाळीस टनी ट्रेलर उत्तर सीमेवरच्या बाझेलहून दक्षिण सीमेवरच्या किआसोपर्यंत सुमारे 300 किलोमीटर गेला की पावणेतीनशे फ्रँकच्या आसपास बिल होते. शिवाय हे वजन काट्यावरचे नव्हे, नोंदणीवरचे कमाल वजन. म्हणजे रिकामी गाडी पळवली तरी पैसे तेवढेच. त्यामुळे मालक परतीचा माल शोधूनच गाडी सोडतो. आपल्याकडे रिकामे ट्रेलर किती फिरतात ते पहाटे घोडबंदर रस्त्यावर उभे राहून मोजावे!

या कराचा मोठा हिस्सा रेल्वेच्या बांधकामाकडे वळवला गेला. आल्प्समधल्या गॉटहार्ड डोंगराखालचा 57 किलोमीटरचा पायथ्याचा रेल्वेबोगदा 1 जून 2016 रोजी खुला झाला. खर्च सुमारे 12.2 अब्ज फ्रँक, वर 2,300 मीटरपर्यंत कातळ, आत खडकाचे तापमान 45 अंशांच्या घरात, बांधकामात नऊ कामगारांचा मृत्यू. 1882 चा जुना रेल्वेबोगदा साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, नवा 550 मीटरच्या वर जात नाही. चढ जवळजवळ संपल्याने लांब, जड मालगाड्यांना जादा इंजिने जोडावी लागत नाहीत. खरा फायदा हा आहे, वेगाचा नंतर.

सगळे आलबेल आहे असेही नाही. वर्षाला आल्प्स ओलांडणारे ट्रक 2000 मध्ये सुमारे 14 लाख होते, ते 9 लाखांच्या आसपास आले. कायद्यातले साडेसहा लाखांचे लक्ष्य अजून दूर आहे. ऑगस्ट 2023 मध्ये गॉटहार्डच्या नव्या रेल्वेबोगद्यात एका मालडब्याचे चाक फुटले, मालगाडी घसरली, सुमारे सात किलोमीटर रूळ खराब झाले आणि बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला सप्टेंबर 2024 उजाडले. त्याआधी 2017 मध्ये जर्मनीत रास्टाटला बोगद्याच्या कामामुळे वरचे रूळ खचले आणि राईन खोऱ्यातला मार्ग सात आठवडे बंद पडला. बोगदा स्वित्झर्लंडचा तयार होता, जोडमार्ग शेजाऱ्याचा अडला. आपल्या पश्चिम मालवाहतूक रेल्वे मार्गिकेतला न्हावा शेवा ते वैतरणा हा टप्पा सर्वांत शेवटी ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.

आता रस्त्याचा बोगदा. 1980 चा गॉटहार्ड रस्ता बोगदा 16.9 किलोमीटरचा, एकाच नळीत दोन्ही दिशांची वाहतूक. 24 ऑक्टोबर 2001 रोजी दोन ट्रक धडकले, आग लागली, 11 जण दगावले. तेव्हापासून ट्रक मोजून आणि अंतर ठेवून आत सोडतात. उत्तरेकडे एर्स्टफेल्डला तपासणीतळ आहे. तिथे वजन, ब्रेक, मालाची बांधणी बघतात आणि पुढे बोगद्याच्या तोंडाजवळ उष्णता टिपणाऱ्या कमानीखालून गाडी नेतात. चढ चढून तापलेले इंजिन किंवा चिकटलेला ब्रेक त्यात दिसतो. अशी गाडी निवेपर्यंत बाजूला. रात्री दहा ते पहाटे पाच आणि रविवारी अवजड वाहने देशभर बंद. दुसऱ्या नळीला 2016 च्या सार्वमतात मंजुरी मिळाली, तीही दोन्ही नळ्यांत वाहतुकीची एकेकच मार्गिका राहील या कायद्यातल्या अटीवर.

राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या आपल्या बोगद्याला दिशेगणिक स्वतंत्र नळी आहे, त्यामुळे समोरासमोरच्या धडकेचे भय नाही. तापलेल्या गाडीचे आहेच. म्हणून एमएमआरडीए आणि वाहतूक पोलिसांना दोनच प्रश्न. किती टनांपर्यंतच्या गाड्या आत सोडणार आणि कोणत्या वेळेत? आणि त्यांची तपासणी कुठे होणार? वजनकाटा, गाड्या निववायला जागा आणि नाकारलेली गाडी माघारी वळवायला रस्ता, एवढे तरी तोंडाशी लागते. मानपाडा-टिकुजिनीवाडीकडे मोकळे भूखंड फार उरलेले नाहीत. जागा राखायची तर विकास आराखड्यात आताच राखावी लागेल.

— एक निवृत्त स्थापत्य अभियंता, कासारवडवली, ठाणे (पश्चिम)