मुलांची खोली खांब ठरण्याआधी ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरात नवी निवासी इमारत होते तेव्हा नकाशात तळमजल्याच्या कोपऱ्यात एक चौकोन दिसतो. त्यात ‘बालवाडी’, ‘अभ्यासिका’ किंवा ‘युवा केंद्र’ असे लिहिलेले असते. हा चौकोन बहुतेक वेळा सर्वांत शेवटी येतो. वाहनतळ, लिफ्ट, जिने, पाण्याच्या टाक्या असे सगळे बसवून झाले की जे उरते, ते मुलांना मिळते. अशा जागांमध्ये पुढे जे बिघडते त्यातले बहुतेक या क्रमानेच ठरवून टाकलेले असते. भिंतींवर फुले-फुलपाखरे रंगवून ते सुधारत नाही. म्हणून आमचा आग्रह असा, की मुलांची जागा खांबांच्या जागा ठरण्याआधी ठरली पाहिजे.

घरे आणि शिक्षण एकाच इमारतीत नांदू शकतात, हे शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी दिसून आले आहे. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांचे पहिले ‘कासा देई बाम्बिनी’ (मुलांचे घर) 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो भागात कामगारांच्या निवासी इमारतीतच सुरू झाले. आईवडील कामावर गेले की लहान मुले जिन्यांत आणि आवारात एकटीच असत, नव्याने दुरुस्त केलेल्या भिंती खराब होत. तेव्हा इमारती सुधारणाऱ्या संस्थेनेच तिथली एक खोली मुलांसाठी दिली. अलीकडचे उदाहरण न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या ‘शुगर हिल’चे. वास्तुरचनाकार डेव्हिड अजाये यांनी रचलेल्या, 2014 साली पूर्ण झालेल्या या इमारतीत परवडणारी 124 घरे आहेत आणि त्याच वास्तूत बालवाडी व मुलांचे संग्रहालय आहे.

आता खांबांकडे येऊ. घरांच्या खोल्यांना साडेतीन-चार मीटरवर खांब चालतात. तीस मुलांच्या वर्गाला मात्र साधारण 55 ते 60 चौरस मीटर सलग जागा लागते, म्हणजे मध्ये खांब नसलेला निदान सात मीटरचा गाळा. वरच्या घरांचे खांब सरळ खाली आणले की एखादा वर्गाच्या मधोमध उभा राहतो. त्याच्या मागे बसलेले मूल शिक्षकाला दिसत नाही, आणि त्याला फळा दिसत नाही. तो खांब काढायचा तर वरचा भार पेलायला मीटरभर जाडीची तुळई घालावी लागते आणि तेवढी उंची छतातून जाते. म्हणून तळमजल्याची उंची सुरुवातीलाच साडेचार मीटर धरावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे वर्ग आणि सभागृह घरांच्या मनोऱ्याखालून बाजूला, एकमजली भागात काढावेत. मग वरून खांब येत नाहीत आणि वरच्या मजल्यावरच्या पावलांची धपधपही येत नाही.

सांडपाण्याच्या नळांचेही असेच. घरांचे संडास-मोऱ्या जिथे असतात, बरोबर त्याखाली वर्गाचे छत येते. मग नळ फॉल्स सीलिंगमधून आडवे फिरवले जातात, प्रत्येक फ्लशचा आवाज वर्गात येतो आणि पहिली गळती शाळेच्या वेळेत होते. साफसफाईची झाकणेही वर्गातच उघडतात. उभे नळ शिकण्याच्या खोलीबाहेरच्या बंद शाफ्टमध्ये (नळांसाठीच्या उभ्या पोकळीत) असावेत आणि त्यांची दारे बोळात उघडावीत. हा बदल कागदावर एका दिवसाचा आहे. स्लॅब पडल्यावर तो जवळजवळ अशक्य होतो.

सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होते ते आवाजाकडे, आणि त्याचा भुर्दंड मुले रोज भरतात. मोठ्या माणसाला वाक्यातला एक शब्द ऐकू आला नाही तरी तो अंदाजाने भरून काढतो. भाषा शिकत असलेल्या मुलाकडे तेवढी शिल्लक नसते. ज्याचे कान कमजोर आहेत किंवा जे दुसऱ्या भाषेतून शिकते आहे, त्याच्याकडे तर मुळीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार वर्गातला पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि आवाज घुमण्याचा काळ सुमारे 0.6 सेकंद असावा. हा काळ म्हणजे आवाज थांबल्यावर तो 60 डेसिबलने उतरायला लागणारा वेळ.

याचा हिशेब कुणालाही करता येतो. 8 मीटर लांब, 7 मीटर रुंद, 3 मीटर उंच वर्ग घ्या. घनफळ 168 घनमीटर. सबाइनच्या सूत्रानुसार घनफळाला 0.161 ने गुणून खोलीतल्या एकूण ध्वनिशोषणाने भागले की घुमण्याचा काळ मिळतो. 0.6 सेकंद हवे असतील तर सुमारे 45 चौरस मीटर शोषण लागते, म्हणजे पडलेला सगळा आवाज गिळणाऱ्या 45 चौरस मीटर पृष्ठभागाइतके. गिलावा, फरशी आणि काच मिळून यातले 6-7 चौरस मीटरही देत नाहीत. बाके आणि मुले धरली तरी खोली घुमतच राहते. छत 56 चौरस मीटरचे आहे. त्यावर 0.8 शोषणांकाचे, म्हणजे पडलेल्या आवाजाचा 80 टक्के भाग गिळणारे, ध्वनिशोषक तक्ते पूर्ण लावले तर हिशेब जवळपास तिथेच जुळतो. अर्धे छत लावून पैसे वाचवले तर तो जुळत नाही. समोरासमोरच्या दोन गुळगुळीत भिंतींमध्ये टाळीचा आवाज फडफडत राहतो, त्यासाठी मागच्या भिंतीवर जाड सॉफ्ट बोर्ड लावावा. मुलांची चित्रेही त्यावरच लावता येतात.

दोन वर्गांमधली भिंत फॉल्स सीलिंगपाशी थांबवणे ही नेहमीची चूक. आवाज वरून पलीकडे जातो. भिंत स्लॅबला टेकलीच पाहिजे. दाराखाली बोटभर फट राहिली तर चांगल्या भिंतीचा निम्मा उपयोग वाया जातो, म्हणून दाराच्या खालच्या कडेला रबरी पट्टी हवी. आणि खेळाचे सभागृह कुणाच्या शयनगृहाखाली कधीही नको. चेंडूचा धक्का तुळयांमधून प्रवास करतो, छताला कितीही तक्ते लावले तरी तो अडत नाही. पुढे तक्रारी होतात, आणि त्यात हरतात ती नेहमी मुले: खेळ बंद, सभागृहाला कुलूप.

आवाजाचा प्रश्न हवेशी बांधलेला आहे. तीस मुलांच्या बंद वर्गात कार्बन डायऑक्साइड चाळीस मिनिटांत बाहेरच्या हवेतल्या सुमारे 420 वरून 2000 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) पुढे सहज जातो. मुले जांभया देऊ लागतात आणि दोष त्यांना दिला जातो. दर मुलामागे सेकंदाला 8 लिटर ताजी हवा धरली तर या वर्गाची हवा तासाला पाचेक वेळा बदलावी लागते. खिडक्या एकाच बाजूला असतील तर वारा खोलीच्या उंचीच्या दुपटी-अडीचपटीपलीकडे नीट पोहोचत नाही. तीन मीटर उंचीला सहा-सात मीटर, बस. समोरच्या भिंतीत वर झरोके हवेत. पण खिडकी रस्त्याच्या बाजूला असेल तर शिक्षक ती आवाजामुळे बंद करणार, हे गृहीतच धरा. तेव्हा वर्ग अंगणाच्या बाजूला ठेवावेत आणि रस्त्याकडे जिने, भांडारघरे, कार्यालय ठेवावे. एवढी एक निवड केली तर पुढची बरीच यंत्रे लागत नाहीत.

खिडकी, कठडा आणि दार यांबद्दल थोडक्यात. लहान मुलाला बसल्या जागी बाहेर दिसावे म्हणून काच जमिनीपासून 500 मिलिमीटरवर सुरू करावी, पण उघडणारे तावदान 1100 मिलिमीटरच्या वर असावे आणि 100 मिलिमीटरहून जास्त उघडू नये. त्याखाली कपाट किंवा बाक ठेवू नये, मुले त्यावर चढतात. कठड्याला आडव्या पट्ट्या म्हणजे शिडीच. उभे गज लावावेत, त्यांच्यातून 100 मिलिमीटरचा चेंडू जाऊ नये. जिन्याला 600 मिलिमीटरच्या आसपास दुसरा, बारीक दांडा हवा. बिजागरीच्या बाजूच्या फटीला बोटे सापडू नयेत म्हणून संरक्षक पट्टी हवी. आगरोधक दाराचा क्लोजर (दार आपोआप मिटवणारे यंत्र) फार ताठ असला की लोक दाराला पाचर लावून ते उघडे ठेवतात आणि आगीच्या वेळी ते निरुपयोगी ठरते. विद्युतचुंबकावर उघडे राहणारे आणि धोक्याचा इशारा वाजताच आपोआप मिटणारे दार वापरावे.

स्वच्छतागृहाचा प्रश्न शिस्तीपेक्षा रचनेचा जास्त आहे. मुलांची छळवणूक अनेकदा तिथे होते, कारण मोठ्यांची नजर पोहोचत नाही आणि बाहेर पडायचे दार एकच असते. बोळातल्या मोठ्या दाराआड आठ कप्पे आणि वरखाली उघडी पत्र्याची विभाजने हा साचा सोडावा. प्रत्येक संडास जमिनीपासून छतापर्यंत बंद, स्वतंत्र खोली असावा. हात धुण्याच्या बेसिनांची रांग मात्र बाहेर, जाता-येता सगळ्यांना दिसेल अशी असावी. काही खोल्यांत आतच लहान बेसिन, झाकणाचा डबा आणि पिशवी अडकवायला खुंटी हवी. मासिक पाळीच्या दिवसांत मुलीने शाळा बुडवू नये असे वाटत असेल तर हे आधी करावे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना बेसिन साधारण 450 ते 500 मिलिमीटर उंचीवर लागते.

खोली सकाळी बालवाडीची आणि संध्याकाळी मोठ्या मुलांच्या अभ्यासाची, ही वाटणी चांगली आहे, पण ती बहुतेकदा महिनाभरात मोडते. कारणे ठरलेली. बालवाडीची खेळणी ठेवायला वेगळे कपाट नाही, संध्याकाळी संडासला जायचे तर सगळी इमारत उघडी ठेवावी लागते, आणि किल्ली कुणाकडे हे ठरलेले नाही. यासाठी नकाशावर लाल पेन्सिलीने ‘कुलपाची रेषा’ ओढून पाहावी, म्हणजे संध्याकाळी कुठला भाग उघडा आणि कुठला बंद ते दिसते. संध्याकाळच्या भागाला बाहेरून स्वतःचे दार, रेषेच्या आत स्वतःचा संडास आणि पाणी, आणि वर्गाच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्के तरी साठवण मिळते का? मिळत नसेल तर वाटणी कागदावरच राहील.

सांभाळगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या, घरातून निघून आलेल्या किंवा काळजी घेणारे कुणीच नसलेल्या तरुणांसाठी जागा आखताना वेगळी जपणूक लागते. त्यांनी आजवर इतरांनी उघडलेली-मिटलेली दारे खूप पाहिली आहेत. म्हणून पहिली गरज आतून लागणाऱ्या कडीची, स्वतःच्या खोलीची. 12 चौरस मीटरची का असेना, दिवा, पडदा आणि खिडकी त्यांच्या हातात असावी. स्वयंपाकघर सहा ते आठ जणांत एक असावे. वीस जणांत एक केले की ते कुणाचेच राहत नाही, आणि पहिले भांडण तिथेच होते. दोन्ही बाजूंना दारे असलेला लांब, अंधारा बोळ टाळावा. वळणाआधी पलीकडचे दिसले पाहिजे. समुपदेशनाच्या खोलीला शक्यतो दोन दारे ठेवावीत. घाबरलेल्या तरुणाला बाहेर जायची वाट मोकळी दिसली की तो बसतो. कर्मचाऱ्याचे टेबल वाट अडवणाऱ्या काउंटरसारखे नसावे, बाजूला असावे, येणाऱ्याची नजर भेटेल इतके जवळ. आणि प्रवेशद्वार बाकी रहिवाशांचेच असावे. वेगळ्या दारावर वेगळी पाटी लावली की त्या मुलांवर शिक्का बसतो.

सगळ्यांत बसावे की नाही हे ठरेपर्यंत थांबता येईल अशी जागाही लागते: भिंतीतला कोनाडा, जिन्याचे रुंद वळण, खिडकीचा ओटा. डच वास्तुरचनाकार आल्डो व्हॅन आयिक यांनी 1960 मध्ये पूर्ण केलेल्या अ‍ॅमस्टरडॅमच्या अनाथालयात उंबरठ्यांवर आणि अधल्यामधल्या जागांवर जी मेहनत घेतली आहे ती याचसाठी. त्याच शहरात त्यांनी 1947 पासून सातशेहून अधिक खेळाच्या जागा आखल्या. त्यांत महागडी यंत्रे नव्हती, वाळूचे चौकोन, लोखंडी कमानी आणि बसायचे ठोकळे होते. खेळाचे अंगण स्वयंपाकघरांच्या खिडक्यांतून दिसावे, पण तिसऱ्या-चौथ्या मजल्यानंतर हाक खाली पोहोचत नाही. म्हणून लहान मुलांची कुटुंबे खालच्या मजल्यांवर यावीत, अशी घरांची मांडणी करावी.

इमारतीचा ताबा घेण्याआधी रहिवाशांनी आणि शिक्षकांनी काही तपासण्या स्वतः कराव्यात. रिकाम्या वर्गात एक जोरात टाळी वाजवून ऐकावी. 100 मिलिमीटरचा चेंडू प्रत्येक कठड्यातून घालून पाहावा. वरच्या घरात फ्लश करायला सांगून खाली वर्गात थांबावे. शेवटी खोलीच्या मध्यभागी जमिनीवर बसून, चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, खिडकीबाहेर काय दिसते ते पाहावे. फक्त सिमेंटची भिंत दिसत असेल तर ताबापत्रावर सही करण्याआधी तसे लेखी नोंदवावे.

आपले,
वास्तुरचना आणि बालशिक्षण क्षेत्रांतले काही वाचक