निरोपाच्या छायाचित्रांना नावे मिळावीत म्हणून माजी विद्यार्थी संघाचे आवाहन

सर्व माजी विद्यार्थी, निवृत्त शिक्षक, गृहपती आणि त्यांचे कुटुंबीय यांस सप्रेम नमस्कार.

आपल्या निवासी शाळेतून शेवटचे वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला निरोप समारंभाच्या सुमारास एकट्याने खुर्चीवर बसवून त्याचे छायाचित्र काढायचे, एक प्रत त्याच्या हाती द्यायची आणि एक शाळेच्या संग्रही ठेवायची, ही पद्धत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. संग्रही राहिलेल्या या प्रती, त्यांच्या फिल्म आणि जुन्या काळातील काचेच्या निगेटिव्ह शाळेने जतनासाठी संघाकडे सोपवल्या आहेत. त्यांची छाननी सुरू झाल्यावर ध्यानात आले ते असे की, चित्रे बऱ्यापैकी टिकली आहेत, पण त्यातील मुले कोण हे सांगणारा मजकूर पुष्कळ ठिकाणी नाहीसा झाला आहे. कुठे पाकिटावरची शाई उडाली आहे, कुठे पाकीटच बदलले गेले आहे, तर कुठे वर्षाखेरीज काहीच लिहिलेले नाही. यासाठी संघ आपल्याकडे तीन प्रकारचे साहाय्य मागत आहे: नावे, आपल्या घरातील प्रती आणि देणगी. हा क्रम आम्ही विचारपूर्वक लावला आहे. पैसे पुढील वर्षीही उभे करता येतील. ज्यांना चेहरे पाहून नावे सांगता येतात अशी माणसे मात्र वर्षागणिक कमी होत आहेत.

नावे शोधण्याचे काम वाटते तितके निराशाजनक नाही. छायाचित्रकार बहुधा हजेरीपटाच्या क्रमाने मुलांना बोलावीत असे, आणि फिल्मच्या कडेवर छापलेले आकडे त्या क्रमाचा पुरावा म्हणून शिल्लक राहतात. त्यामुळे एखाद्या तुकडीतील दोन-तीन चेहरे निश्चित ओळखता आले, तर हजेरीपट शेजारी ठेवून मधल्या मुलांची नावे बरीचशी जुळवता येतात. ही रीत उपयोगी असली तरी तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. त्या दिवशी एखादा मुलगा आजारी असला, दुसऱ्याने डोळे मिटल्यामुळे त्याचे चित्र पुन्हा घ्यावे लागले, किंवा दोघांनी गंमत म्हणून जागा बदलल्या, की पुढची सगळी रांग एका घराने सरकते. (जागा बदलणाऱ्यांनी आता निःसंकोचपणे पुढे यावे, कोणतीही कारवाई होणार नाही.) म्हणून जुळवलेले प्रत्येक नाव त्या तुकडीतील किमान दोघांनी स्वतंत्रपणे मान्य केल्याखेरीज आम्ही पक्के धरणार नाही, आणि तोवर त्यापुढे ‘संभाव्य’ असा शेरा राहील. चुकीचे नाव कोऱ्या जागेपेक्षा अधिक घातक असते, कारण कोरी जागा पाहून कोणी तरी शोध घेतो, तर चुकीचे नाव पाहून शोधच थांबतो.

ओळख पटवताना पूर्ण नाव आठवलेच पाहिजे असा आग्रह नाही. टोपणनाव, खोलीचा क्रमांक, खेळाच्या संघातील जागा, थोरला किंवा धाकटा भाऊ शाळेत असल्याची आठवण, इतकेसे धागेही दाखल-खारीज नोंदवहीशी ताडून पाहता येतात. मागचा पडदा, खुर्चीची पाठ, गणवेशाच्या कॉलरचा आकार यांवरून वर्षाचा अंदाज बांधता येतो. या बाबतीत निवृत्त गृहपतींची नजर आमच्यापेक्षा फार तयार आहे. आपल्या वडिलांचे किंवा आजोबांचे शिक्षण या शाळेत झाले असेल आणि ते आज हयात नसतील, तर घरातील त्यांचे तरुणपणीचे एखादे चित्रही ओळख पटवण्यास पुरेसे ठरू शकते.

निरोपाचे चित्र मागे ठेवून जाण्याची कल्पना छायाचित्रकलेच्याही आधीची आहे. इंग्लंडमध्ये राजा सहाव्या हेन्रीने 1440 मध्ये स्थापन केलेल्या ईटन या मुलांच्या निवासी शाळेत, शाळा सोडताना मुख्याध्यापकांना रोख रक्कम भेट देण्याचा प्रघात होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काही निवडक विद्यार्थ्यांकडून पैशांऐवजी त्यांचे तैलचित्र स्वीकारले जाऊ लागले, आणि ही चाल एकोणिसाव्या शतकात बराच काळ टिकली. रेनॉल्ड्स, रॉम्नी, लॉरेन्स अशा नामांकित चित्रकारांनी ही चित्रे रंगवली. पुढे ब्रिटिश राजकारणात गाजलेले चार्ल्स जेम्स फॉक्स आणि 1832 च्या सुधारणा कायद्याच्या वेळी पंतप्रधान असलेले चार्ल्स ग्रे हे दोघेही त्या संग्रहात कोवळ्या वयाचे दिसतात. 1991 मध्ये लंडनच्या डलिच चित्रसंग्रहालयात या चित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले होते. कला म्हणून त्यांचे मोल वादातीत आहे, परंतु शाळेचा इतिहास म्हणून हा संग्रह अपुरा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुख्याध्यापकांची मर्जी आणि चित्रकाराचे मानधन देण्याची घरची ऐपत ज्यांच्यापाशी होती तेवढेच त्यात आले, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर बसलेली मुले आली नाहीत. हे चित्र बदलले ते छायाचित्रामुळे. 1854 मध्ये दिस्देरी या फ्रेंच छायाचित्रकाराने एकाच काचेवर अनेक लहान छायाचित्रे घेण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेले, तळहातात मावणारे व्यक्तिचित्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आले. आपल्या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य असे की, पहिला आलेला आणि जेमतेम उत्तीर्ण झालेला, दोघेही त्याच खुर्चीवर, त्याच पडद्यासमोर बसलेले आहेत. त्यातील निम्मे निनावी राहिले, तर ही समानता कागदोपत्रीच उरेल.

जतनाच्या बाबतीत जुन्यातले जुने तेच सर्वांत नाजूक, हा समज येथे खरा ठरत नाही. नीट धुतलेल्या कृष्णधवल प्रती कोरड्या जागी दीर्घकाळ टिकतात. कडेला आलेली आरशासारखी चांदीची झाक ही ओलावा आणि दूषित हवा यांची खूण असते. त्यामानाने 1970 च्या दशकातील पुष्कळशा रंगीत प्रती अधिक वेगाने बिघडतात, कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य अंधारात ठेवूनही फिके पडत जाते आणि सगळे चेहरे तांबूस दिसू लागतात. अॅसिटेट फिल्मची गोष्ट आणखी वेगळी आहे. ती विघटित होऊ लागली की डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, आणि बाहेर पडणारे आम्ल तीच प्रक्रिया आणखी वाढवते. असा डबा वेळीच वेगळा करून थंड जागी ठेवला नाही, तर फिल्म आक्रसून वाकडी होते आणि तिच्यावरील चित्राचा थर सुटतो. संग्रहातील काही डब्यांना हा वास येऊ लागला आहे. काचेच्या निगेटिव्ह एकावर एक रचल्यास खालच्या तडकतात, म्हणून त्या लांब कडेवर उभ्या ठेवण्यासाठी कप्प्यांच्या पेट्या बनवून घ्याव्या लागतील.

आपल्या घरातील प्रत पाठवताना काही गोष्टींची काळजी घ्यावी, अशी विनंती आहे. मूळ प्रत टपालाने पाठवू नये. शक्य असल्यास ती स्कॅन करावी, तीही पुढून आणि मागून, कारण मागच्या बाजूचा स्टुडिओचा शिक्का आणि हस्ताक्षर कधी कधी चेहऱ्याइतकेच बोलके असते. लहान आकाराच्या प्रतीसाठी 600 डीपीआय हे प्रमाण पुरेसे आहे. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचित होऊन येते, तेव्हा ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवावे. चिकट पानांच्या अल्बममध्ये किंवा फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेली प्रत ओढून काढण्याचा प्रयत्न कृपया करू नये. ती आहे त्याच स्थितीत आमच्याकडे आणून दाखवावी. मागे नाव लिहायचे असल्यास मऊ पेन्सिल वापरावी, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणखी एक कळकळीची विनंती अशी की, संगणकाकडून चेहरा ‘स्पष्ट’ किंवा रंगीत करून घेतलेले चित्र पाठवू नये. अशा चित्रातील डोळे आणि ओठ यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. ते दिसायला देखणे असले, तरी ओळख पटवण्याच्या कामी निरुपयोगी आणि कित्येकदा दिशाभूल करणारे ठरते.

हा संग्रह सर्वांसाठी इंटरनेटवर खुला करण्याचा संघाचा विचार नाही. चित्र काढले तेव्हा ही सर्व मुले अल्पवयीन किंवा जेमतेम सज्ञान होती, आणि शाळेच्या संग्रहासाठी बसणे म्हणजे जगासमोर येण्यास संमती देणे नव्हे. ओळख पटवण्यासाठी प्रत्येक तुकडीचे पत्रक फक्त त्याच तुकडीच्या आणि तिच्या आगेमागे असलेल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना दाखवले जाईल. चेहरे ओळखणारी संगणकीय प्रणाली वापरली जाणार नाही. आणि आपले चित्र इतरांना दिसू नये असे कोणी कळवल्यास, कारण न विचारता ते बाजूला ठेवले जाईल. काही जणांच्या शाळेविषयीच्या आठवणी सुखद नाहीत, याची संघाला जाणीव आहे. अधेमधे शाळा सोडावी लागल्यामुळे ज्यांचे निरोपाचे चित्र निघालेच नाही, त्यांनीही त्या काळातील आपले एखादे चित्र दिल्यास ते त्यांच्या तुकडीत सन्मानाने समाविष्ट केले जाईल.

देणगीचा विनियोग मुख्यत्वे आम्लमुक्त कागदाची पाकिटे व पेट्या, पॉलिएस्टरची पारदर्शक आवरणे, काचेच्या निगेटिव्हसाठी कप्पे, स्कॅनिंग आणि बिघडलेल्या फिल्मची तज्ज्ञांकडून हाताळणी यांवर होईल. बाजारात मिळणारी पीव्हीसीची स्वस्त आवरणे आम्ही घेणार नाही, कारण त्यांतून निघणारी द्रव्ये काही वर्षांत चित्रालाच चिकटतात. स्कॅन केलेल्या फाइलींच्या तीन प्रती दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवल्या जातील आणि त्यांपैकी एक शाळेच्या आवाराबाहेर असेल. देणगीचा एक भाग स्वतंत्र खात्यात राखून, यापुढे शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाचे चित्र आणि त्याची घरी न्यायची प्रत यांचा खर्च त्यातून केला जाईल, म्हणजे कोणत्याही पालकाला त्यासाठी वेगळे पैसे भरावे लागणार नाहीत. देणगीची किमान रक्कम ठरवलेली नाही. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च वार्षिक सभेपुढे मांडला जाईल. देणगीदाराचे नाव कोणत्याही चित्राखाली किंवा पेटीवर घातले जाणार नाही. तेथे त्या मुलाचेच नाव असावे, असा कार्यकारिणीचा निर्णय आहे.

ज्यांना पैसे देणे शक्य नाही, पण वेळ देता येईल, अशांची आम्हाला तितकीच गरज आहे. पाकिटांवरील जुने अक्षर वाचून नोंदवणे, हजेरीपटातील नावांची यादी संगणकावर उतरवणे, प्रवास न झेपणाऱ्या वयोवृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन त्यांना मोठ्या आकारात छापलेली पत्रके दाखवणे आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत टिपून घेणे, ही सर्व कामे घरबसल्या किंवा सुटीच्या दिवशी करता येण्याजोगी आहेत. प्रत्येक तुकडीमागे एक समन्वयक नेमण्याचा विचार असून, त्यासाठी आपले किंवा आपल्या वर्गमित्राचे नाव, शाळा सोडल्याचे वर्ष आणि संपर्काचा सोयीचा मार्ग संघाच्या कार्यालयाकडे कळवावा. ज्या तुकड्यांचे विद्यार्थी आज सर्वांत वयस्कर आहेत, त्यांची पत्रके प्रथम तयार होत आहेत. त्या वर्षांतील कोणाशी आपला अजून संबंध असेल, तर हे आवाहन कृपया त्यांना स्वतः वाचून दाखवावे.

आपले नम्र,
कार्यकारिणी, माजी विद्यार्थी संघ