दारूगोळ्याची सुरक्षा आणि खानदेशचा उन्हाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटानंतर चर्चा फिरली ती मुख्यतः भरपाई आणि जबाबदारी यांभोवती. ती व्हायलाच हवी. परंतु ज्या तालुक्यात भुसावळ आणि वरणगाव अशा दोन आयुध निर्माणी आहेत, तेथील रहिवाशाला आणखी एक प्रश्न पडतो. दारूगोळा अवचित पेटू नये यासाठीचे संशोधन आपल्या हवामानाला धरून होते का?

काडतुसातील धूरविरहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते. ती नुसती ठेवली तरी अतिशय मंद गतीने विघटित होत राहते, त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हे विघटन आणखी वाढवतात, आणि ते शोषून घेण्यासाठीच तिच्यात डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरीकारक मिसळलेला असतो. तो संपत आला आणि साठ्यातील उष्णतेला बाहेर पडायला वाव उरला नाही, तर ठिणगीवाचूनही दारू पेटू शकते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि रात्रीही भिंती निवत नाहीत, अशा आपल्या पट्ट्यात स्थिरीकारक थंड प्रदेशापेक्षा लवकर खर्ची पडणार, हे उघड आहे.

दुसरा धोका कोरड्या हवेचा. टेरिकॉटचा सदरा काढताना जी चटचट ऐकू येते, ती स्थिर विद्युत लेड स्टिफ्नेटसारख्या संवेदनशील द्रव्याला पेटवू शकते. म्हणूनच अशा विभागात शिरण्यापूर्वी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या पट्टीला हात लावणे, वीजवाहक तळव्यांचे बूट घालणे या गोष्टी उपचार म्हणून उरकून चालत नाही.

अमेरिकेच्या ‘फॉरेस्टल’ या विमानवाहू नौकेवर २९ जुलै १९६७ रोजी विजेच्या दोषाने एक रॉकेट सुटले, आग लागली, आणि अवघ्या दीड मिनिटात जुने बॉम्ब तापून फुटू लागले. १३४ जण दगावले. आगीत सापडला, गोळी लागली किंवा शेजारचा गोळा फुटला, तरी सहजी न फुटणारा दारूगोळा घडवण्याच्या संशोधनाला या आणि अशा दुर्घटनांतून जोर आला. असा दारूगोळा महाग पडतो, हे खरे. तोवर जुना साठा नीट तपासत राहणे तरी आपल्या हाती आहे.

पुण्याच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने जळगावच्या विद्यापीठाला सोबत घेऊन आपल्याकडील साठवणीच्या जागांचे वर्षभराचे तापमान व आर्द्रता मोजावी, स्थिरीकारकाच्या तपासणीची मुदत त्यावरून ठरवावी आणि ढोबळ निष्कर्ष प्रसिद्ध करावेत. भिंतीआडचे तापमान हे काही शस्त्राचे गुपित नव्हे. आणि मोजणी मार्चपूर्वी सुरू व्हावी, अन्यथा आणखी एक उन्हाळा हातचा जाईल.

– एक वाचक, भुसावळ