सर्वोत्तम प्रशिक्षक कोणत्या निकषावर?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला फुटबॉलमधील सर्वोत्तम प्रशिक्षकाला 'फिफा' दरवर्षी पुरस्कार देते. त्याची बातमी क्रीडा पानावर विजेत्याचे नाव आणि त्याच्या संघाने त्या वर्षी जिंकलेला चषक एवढ्यावरच आटोपते. हा दोष एकट्या वृत्तपत्रांचा नाही, कारण पुरस्काराच्या रचनेतच याहून अधिक काही सांगण्याची सोय नाही. महिला राष्ट्रीय संघांच्या कर्णधार, त्या संघांचे प्रशिक्षक, पत्रकार आणि चाहते अशा चार गटांच्या मतांना सारखेच वजन दिले जाते. पहिल्या तीन गटांतील कोणी कोणाला मत दिले हे नंतर जाहीरही होते. का दिले, हे मात्र कोणी विचारत नाही.

2010 ते 2024 या काळात पंधरा वेळा दिला गेलेला हा मान केवळ आठ जणांमध्ये वाटला गेला आहे. सरिना विगमन यांना तो चार वेळा, सिल्व्हिया नाइड यांना तीन वेळा आणि जिल एलिस व एमा हेझ यांना प्रत्येकी दोनदा मिळाला. पंधरापैकी बारा वेळा तो स्त्रियांकडे गेला, ही गोष्ट निश्चितच समाधानाची आहे, कारण 2023 च्या विश्वचषकातसुद्धा 32 पैकी 12 संघांच्याच प्रशिक्षक स्त्रिया होत्या. परंतु विजेते ज्या संघांचे होते ते पाहिले, तर जपानचे नोरिओ सासाकी यांचा अपवाद वगळता सारे युरोपातील किंवा अमेरिकेचे आहेत. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील एकाही संघाच्या प्रशिक्षकाला आजवर हा पुरस्कार मिळालेला नाही.

2023 चेच उदाहरण घेऊ. जमैकाच्या संघाकडे विश्वचषकाच्या तयारीसाठी पुरेसा पैसा नव्हता आणि एका खेळाडूच्या आईने लोकांकडून वर्गणी गोळा केली. अशा संघाने फ्रान्स आणि ब्राझील या दोघांनाही गोलशून्य बरोबरीत रोखले, ब्राझीलला साखळीतूनच परतावे लागले आणि जमैका प्रथमच बाद फेरीत गेली. दक्षिण आफ्रिकेच्या खेळाडूंचा मानधनावरून स्पर्धेच्या तोंडावर महासंघाशी वाद झाला होता. तरीही डेझिरी एलिस यांच्या संघाने इटलीला 3-2 असे हरवून बाद फेरी गाठली. तुटपुंज्या साधनांतून एवढे उभे करणे हे प्रशिक्षकाचेच काम आहे. तरीही त्या वर्षीच्या अंतिम तिघांत विगमन, चेल्सी क्लबच्या हेझ आणि बार्सिलोना क्लबचे जोनातान जिराल्देझ हेच होते.

विगमन यांची त्या वर्षीची निवड मला मात्र पूर्ण पटते, आणि तीही त्यांच्या इंग्लंड संघाने विश्वचषकाचा अंतिम सामना गमावलेला असताना. लिआ विल्यमसन, बेथ मीड व फ्रॅन कर्बी दुखापतींमुळे स्पर्धेला मुकल्या होत्या आणि साखळीतच कीरा वॉल्श जायबंदी झाली. तेव्हा विगमन यांनी संघाची मांडणी बदलून बचावात तीन खेळाडू ठेवले आणि चीनला 6-1 असे नमवले. जगज्जेत्या स्पेनचे प्रशिक्षक अंतिम तिघांत नव्हते; त्याआधीच्या वर्षी त्यांच्याच पंधरा खेळाडूंनी राष्ट्रीय संघाकडून खेळण्यास नकार दिला होता. म्हणजे चषकापलीकडे पाहणे मतदारांना जमते, पण ते पाहावे असा नियम कुठेच नाही.

2024 चा निकाल अधिक गुंतागुंतीचा आहे. एमा हेझ यांनी मे महिन्यापर्यंत चेल्सीला सांभाळून इंग्लंडमधील लीगचे विजेतेपद मिळवले आणि लगेच अमेरिकेच्या संघाची सूत्रे घेऊन, तीन महिनेही पूर्ण होण्याआधी, पॅरिस ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकले. अ‍ॅलेक्स मॉर्गन या अनुभवी खेळाडूला वगळण्याचा त्यांचा निर्णय धाडसाचा होता, यात शंका नाही. पण त्या येईपर्यंत ट्विला किलगोर यांनी हंगामी प्रशिक्षक म्हणून तो संघ सांभाळला होता. मग मत कशाला पडले: चेल्सीच्या बारा वर्षांच्या कामाला, लीगच्या एका हंगामाला, की ऑलिंपिकच्या सहा सामन्यांना? क्लबचा प्रशिक्षक खेळाडूंना रोज सरावात भेटतो, तर राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला त्या वर्षातील काही मोजके आठवडेच मिळतात. या दोन वेगळ्या कामांना एकाच तराजूत तोलणे मला मुळातच अशास्त्रीय वाटते.

म्हणून क्लब आणि राष्ट्रीय संघ यांच्या प्रशिक्षकांसाठी स्वतंत्र पुरस्कार असावेत आणि कर्णधार, प्रशिक्षक व पत्रकार यांनी मतासोबत दोन-तीन ओळींत कारण लिहून द्यावे, असे मी सुचवतो. चाहत्यांकडून तशी अपेक्षा ठेवता येणार नाही, हे मान्य आहे. हे बदल होतील तेव्हा होतील. तोवर पुढील पुरस्काराच्या बातमीत आपण विजेत्याच्या चषकासोबत त्याला कोणता संघ कोणत्या अवस्थेत हाती मिळाला होता, एवढे तरी छापावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक