शिबिराला न आलेली पोरे आधी शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घाटंजी-पांढरकवडा भागातल्या कोणत्याही गावी संध्याकाळी पानठेल्यापाशी थांबा. विशीच्या आतबाहेरची पाच-दहा पोरे हमखास दिसतील. शाळा आठवी-नववीत सुटलेली, घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, त्यावर कर्जाचा बोजा. आणि कौशल्य प्रशिक्षण देणाऱ्या संस्था सांगतात की उमेदवार मिळत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोडे अडते ते नोंदणीच्या पद्धतीत, म्हणून हे पत्र.

अलीकडेच आमच्या ग्रामपंचायतीत एका प्रशिक्षण संस्थेचे शिबिर झाले. बचत गटाची सचिव म्हणून मी फॉर्म भरायला बसले होते. आधार, पासबुक, टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला असे सगळे ज्याच्या फाइलीत तयार, त्याचा नंबर आधी लागला. ती बहुतेक बारावी झालेली, घरचा आधार असलेली पोरे. त्यांनाही काम हवेच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याची टीसी आश्रमशाळेतून कधी आणलीच गेली नाही, त्याला 'कागद घेऊन ये' म्हणून परत पाठवले. तो पुन्हा फिरकला नाही.

एक पोरगा मात्र आईने हाताला धरून आणला होता. बाप गेला तेव्हा तो सातवीत होता. आता हंगामात जिनिंगवर हमाली करतो आणि शेतातल्या मोटारपंपांची वायंडिंग भरून देतो. तेवढ्यासाठी शेजारच्या गावांतून लोक त्याला बोलावतात. समोरच्या साहेबांनी विचारले, आवड कशात आहे? तो मान खाली घालून म्हणाला, "मले का समजते? तुमी जे देसान ते करीन." त्याच्या फॉर्मवर सिक्युरिटी गार्ड लिहिले गेले आणि समुपदेशनाचा रकाना भरला. वाचता येते का, हिशेब जमतो का, घरावर देणे किती, तू गेल्यावर आईजवळ कोण, आजवर हाताने काय काय केलेस, यातले काहीच कोणी विचारले नाही. शहरातल्या वसतिगृहातून तो पंधरवड्यात परत आला. कापूस फुटला होता आणि वेचायला आई एकटी होती. संस्थेच्या कागदावर तो आता 'गळती' आहे. माझ्या मते त्याची चाचणीच झाली नव्हती. झाली ती कागदांची तपासणी.

खरी गरज कोणाला आहे, हे शोधायला नवे सर्वेक्षण लागत नाही. शेतकरी आत्महत्येनंतर पात्र ठरलेल्या कुटुंबाला राज्य सरकार 2006 पासून 1 लाख रुपयांची मदत देते. ती घरे तहसीलला ठाऊक आहेत. बाप किंवा आई गमावलेल्या मुलांची नावे बालसंगोपन योजनेसाठी महिला व बालविकास विभागाकडे असतात. शाळाबाह्य मुलांची नोंद शिक्षण विभागाकडे असते. बालसंगोपनाची मदत वयाच्या 18 व्या वर्षी थांबते आणि दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचे दार 15 व्या वर्षीच उघडते. म्हणजे मदत चालू असतानाच त्या मुलाशी बोलायला, कागद जमवायला, त्याचा कल पाहायला तीन वर्षे हाताशी असतात. ती वाया जातात, कारण एका विभागाची यादी दुसऱ्याच्या टेबलावर येत नाही. मात्र या याद्या ग्रामसभेत वाचून दाखवू नयेत, ही हात जोडून विनंती. बापाच्या मरणाची ओळख पोराला आयुष्यभर पुरते. अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना नावे द्यावीत, त्या गवगवा न करता घरी जातील.

अटींचेही पाहा. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 6 ते 10 हजार रुपये विद्यावेतन ठेवले, ते चांगलेच झाले. पण शिक्षणाची अट किमान बारावी. नववीत शाळा सोडलेल्याला तिथे जागाच नाही. ग्रामीण कौशल्य योजनेत मागच्या वर्षी रोजगार हमीवर 15 दिवस काम केलेल्या घरातले मूलही बसते. ही गोष्ट आमच्या गावात शिबिराच्या दिवसापर्यंत कोणाला माहीत नव्हती, मलाही नाही.

वेळेचा मुद्दा तर साधा आहे. दिवाळीच्या आगेमागे बॅच सुरू केली की कोरडवाहू घरातला पोरगा येणारच नाही, आला तर टिकणार नाही. वेचणीत रोज हाती पैसा येतो आणि त्यावरच दुकानाची उधारी फिटते. होळी ते मृग हे तीन महिने आमच्याकडे हाताला काम नसते. तीन महिन्यांचा अभ्यासक्रम त्यात बरोबर बसतो.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. ग्रामीण कौशल्य योजनेत एक तृतीयांश जागा मुलींसाठी आहेत, पण वसतिगृह कसे आहे, रात्री तिथे कोण असते, हे पाहिल्याशिवाय कोणती आई पोरीला पाठवील? निवडीआधी आयांना एकदा तिथे नेऊन आणावे. एका गाडीभाड्याचा खर्च आहे.

येत्या होळीआधी जिल्हाधिकाऱ्यांनी तहसील, महिला व बालविकास आणि शिक्षण विभागाला एकत्र बसवून प्रत्येक गावातली अशी मुले निश्चित करावीत, आणि संस्थांना पैसे देताना त्यांतली किती मुले शेवटपर्यंत टिकली हे आधी पाहावे. दाखल्यांसाठी तहसीलच्या खेपा घालायला आमच्या गटातल्या बाया या मुलांसोबत यायला तयार आहेत.

आपली,
एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ