कुत्र्याचं शेपूट खरंच नळीत घातलं त्याची गोष्ट

संपादक साहेब, नमस्कार.

यात्रांचा सीझन आला की बैलगाड्यांच्या जोडीला कुत्र्यांच्या शर्यतीही लागतात, त्या असाव्यात का नसाव्यात हा वाद मला घालायचा नाही, मला फक्त शेपटीबद्दल लिहायचंय. हसू नका.

आमच्याकडे धायरीला एक कारवान जातीची, म्हणजे सडपातळ, जोरात पळणाऱ्या देशी जातीची कुत्री आहे, चांदणी. फलटणकडच्या मावसभावाने पिल्लू असताना दिली, आता चार वर्षांची झाली. गेल्या चैत्रात त्याच्याच पिकअपमधून शर्यतीवरून परत येताना त्याने फाळका धाडकन लावला आणि हिच्या शेपटीचं टोक त्यात सापडलं. एकदाच ओरडली आणि मग नुसती थरथरत बसली. जमलेल्या मंडळींनी तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला, की शेपूट म्हणजे कुत्र्याचं सुकाणू, आता ही वळणावर आडवी होणार, संपली, देऊन टाका कुणाला तरी. एकाने तर वर रबरबँड घट्ट बांधा, आपोआप गळून पडेल असाही सल्ला दिला. तो ऐकला असता तर वरपर्यंत सडलं असतं असं नंतर डॉक्टर म्हणाले.

पुण्यात आणून एक्सरे काढला, टोकाकडचे दोन मणके चिरडलेले आणि कातडी फाटलेली. टाके, पट्टी, औषध. आणि खरा त्रास इथून सुरू झाला. कारवानची शेपटी म्हणजे वेताची छडी, वर ना चरबी ना दाट केस, कातडीखाली थेट हाड. त्यात घरात कुणी आलं की ही हलवणार, आमच्या फ्लॅटचा पॅसेज जेमतेम तीन फुटी, दोन्ही भिंतींवर फटाफट आपटून जखम रोज नव्याने उघडायची. रक्त थेंबभर असतं पण शिंपडलं जातं ना, भिंतीवर, फ्रिजवर, बाबांच्या पांढऱ्या शर्टावर, एकदा तर चक्क पंख्याच्या पात्यावर सापडलं. डॉक्टर म्हणाले याला हॅपी टेल म्हणतात. हॅपी कसलं डोंबलाचं!

पट्टी टिकत नाही कारण शेपूट टोकाकडे निमुळतं, झटका दिला की सुर्रकन निघून येते, आणि घट्ट बांधावी तर रक्त थांबून टोक काळं पडतं. शेवटी एसीच्या तांब्याच्या पाइपवर जो काळा फोम चढवतात तो आणून, हवा खेळायला भोकं पाडून, वर चढवायचा असं ठरलं. दुकानदाराने विचारलं किती टनाचा एसी, मी म्हणलं कुत्र्याच्या शेपटीला पाहिजे, तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होता. तर कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच ही म्हण मी प्रत्यक्ष करून बघितलेली आहे. वाकडं राहिलंच, जखमही भरली नाही, आणि चौथ्या आठवड्यात भूल देऊन टोकाचा दोन-अडीच इंचाचा तुकडा काढावा लागला, चांगल्या कातडीपर्यंत जाऊन, दोन मणक्यांच्या सांध्यातून.

आता पळण्याचं. जखम दुखत होती तेव्हा ती खरोखर हळू पळायची, शेपूट एका बाजूला दाबून, पाठ ताठ धरून. पण ते सुकाणू गेलं म्हणून नाही हो, दुखत होतं म्हणून. शेपटी हलवणारे स्नायू पार कमरेपर्यंत जातात, त्यामुळे शेपूट ठणकलं की पाठ मोकळी सुटत नाही आणि टांग लांब पडत नाही. टाके निघून महिना झाल्यावर मागच्या मोकळ्या प्लॉटवर तिला पळवलं, जुना व्हिडिओ होताच, सरळ पळण्यात मोबाइलच्या घड्याळाला तरी काही फरक दिसला नाही. चेंडूमागे झटकन वळताना आठ-दहा दिवस जरा लांबून फिरायची, मग तेही बसलं. एका कुत्रीवरून सिद्धांत मांडता येत नाही हे मलाही कळतं. पण जोर मागच्या पायांतून आणि पाठीतून येतो, शेपूट तोल सांभाळायला मदत करतं इतकंच. २००५ मध्ये नेचर या नियतकालिकात ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की माणूस वळणावर हळू होतो तसा ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीचा विलायती कुत्रा, होत नाही, आणि त्याचं कारण त्यांनी पायांच्या रचनेत आणि नितंबातून येणाऱ्या जोरात दिलंय. गोल ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने धावणाऱ्या ग्रेहाउंडांचं नेहमीचं मोडणं म्हणजे मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातलं हाड. आपल्याकडे कुत्रं पळून आल्यावर घोटा दाबून बघणारा एक माणूस मला दिसला नाही, शेपटीवर मात्र सगळे तज्ज्ञ.

मात्र शेपटीच्या बुडाला मार बसला तर गोष्ट वेगळी. तिथून लघवी-शौचावर ताबा ठेवणाऱ्या नसा जातात. शेपूट जोरात ओढलं गेलं तर त्या ताणल्या जातात, कधी तुटतातही, मग शेपूट लोंबकळतं आणि कुत्र्याला लघवी धरवत नाही, अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि शर्यतीत सोडताना काही जण एका हाताने पट्टा आणि दुसऱ्या हाताने शेपटीचं बूडच धरतात, मी डोळ्याने बघितलंय. खडकवासल्याला रविवारी पोहून आलेल्या लॅब्रेडॉरचं शेपूट दुसऱ्या दिवशी दोरीसारखं लोंबतं ते निराळं, स्नायू आखडलेले असतात, विश्रांती मिळाली की बहुतेक वेळा काही दिवसांत ठीक होतं. फक्त घरातली माणसांची ब्रुफेन-क्रोसिन त्याला देऊ नका, विषबाधा होते.

दुखापत होऊच नये म्हणून पिल्लाची शेपटी आधीच छाटायची हा दुसरा शहाणपणा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या सुमारे १ लाख ३८ हजार कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या, शेपटीला इजा झालेली निघाली फक्त ०.२३ टक्के, म्हणजे एक इजा टाळायला साधारण ५०० पिल्लांच्या शेपट्या कापाव्या लागतील. ग्रेहाउंड, व्हिपेट अशा बारीक शेपटीच्या जातींना धोका जास्त हे त्यात होतं, ते लपवत नाही, पण पिंजऱ्यात ठेवलेल्या कुत्र्यांनाही जास्त होता, तर आधी पिंजरा मोठा करा की. आपल्याकडे भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्येच डॉक्टरांना उपचाराची गरज नसताना शेपट्या-कान कापू नका असं कळवलं होतं, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यातही अवयव तोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. वडापाव दोन येतात तेवढ्यात.

यात्रा कमिट्यांना एवढंच सांगायचंय, मैदानावर टाके घालू शकणारा एक पशुवैद्य दिवसभर बसवा, आणि गाडीच्या फाळक्याला रबराची पट्टी लावल्याशिवाय कुत्री उतरवून घेऊ नका, खर्च काही फार नाही. आमच्या मावसभावाने लावलीय. शिवाय फाळका ढकलण्याआधी तो आता पीएमपीच्या कंडक्टरसारखा ओरडतो, "शेपूट आत घ्या, शेपूट आत!"

आपला,
एक वाचक, धायरी, पुणे