सिस्टर, आधी वजन मग औषध हे तुमच्यामुळे

नमस्कार सिस्टर,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. धुळ्याला लहान मुलांच्या वॉर्डात ज्यांनी तुमच्या हाताखाली काम केलंय ते बरोबर ओळखतील, बाकीच्यांनी नाही ओळखलं तरी चालेल, मला फक्त चारचौघांत थँक्यू म्हणायचंय.

डी.फार्मचं (फार्मसीच्या डिप्लोमाचं) ५०० तासांचं ट्रेनिंग आपल्याकडे कसं होतं ते सगळ्यांना माहितीये. ओळखीचं मेडिकल गाठायचं, रॅक पुसायचे, एक्स्पायरीचा माल बाजूला काढायचा आणि शेवटी सही-शिक्का. दवाखान्यात गेलेल्यांनाही बहुतेक वेळा स्टोअरच्या खिडकीमागेच बसवतात. तुम्ही आम्हाला तिथून उठवून वॉर्डात आणलं आणि हातात औषध द्यायच्या आधी वजनकाट्याजवळ उभं केलं. जाम राग आलेला तेव्हा, खरं सांगते. फार्मसी शिकायला आलो का पोरं मोजायला, असं आम्ही चहाच्या टपरीवर बोललो पण होतो (तुम्हाला ते कळलं असणारच, तुम्हाला सगळं कळायचं).

कॉलेजात पोरांचा डोस काढायचा यंगचा फॉर्म्युला पाठ केलेला. वय भागिले वय अधिक १२, गुणिले मोठ्या माणसाचा डोस, म्हणजे दोन वर्षांच्या पोराला सातवा हिस्सा, पेपरात फुल मार्क. तुम्ही शेजारशेजारच्या दोन खाटा दाखवल्या, एकीवर धडगावकडून आलेलं सात किलोचं पोरगं, दुसरीवर देवपूरचं तेरा किलोचं, दोघंही दोन वर्षांचीच, आणि विचारलं, दोघांना सारखंच देशील का गं? ५०० च्या पॅरासिटामॉलचा सातवा हिस्सा म्हणजे साधारण ७१ मिलिग्रॅम, आणि किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम लागतं, म्हणजे पहिल्याला जेमतेम पुरलं आणि दुसऱ्याचा ताप काही हलायचा नाही. मग तिथेच उभ्या उभ्या आमच्याकडून पुढचं गणित करून घेतलंत. आठ किलोचं लेकरू, १५ च्या हिशोबाने १२० मिलिग्रॅम. ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅमवालं सायरप असेल तर जवळपास ५ एमएल, २५० वालं असेल तर अडीचच्याही थोडं आत, आणि ड्रॉप्स असतील तर फक्त १.२ एमएल, कारण ड्रॉप्सच्या एका एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम असतं. "आणि आईने ड्रॉप्सच चमचाभर पाजले तर?" चमचा साधारण ५ एमएलचा धरला तर ५०० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला मोठ्या माणसाची अख्खी गोळी. कुणी काही बोललंच नाही त्यावर.

तेव्हापासून बाटली देताना एमएल बोलण्याआधी मी स्ट्रेंथ (किती एमएलमध्ये किती मिलिग्रॅम ते) वाचते, मोठ्याने वाचते, गिऱ्हाईक हसलं तरी वाचते.

आणि चमचे! घरून आपापले चमचे आणायला लावले होते तुम्ही आम्हाला, चहाचा, पोह्याचा, देवपूजेची पळीसुद्धा आणली होती एकीने, आणि प्रत्येकात सिरिंजने पाणी भरून बघितलं तर एकाचंही माप दुसऱ्याशी जुळेना. म्हणून आमच्या काउंटरवर तोंडाने औषध द्यायची सिरिंज ठेवायला मी मालकाला भांडून लावलंय. तिच्यावर खूण करून देते, औषध गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडायचं, सरळ घशात मारायचं नाही, हेही सांगते.

पण मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते तुमचं विचारणं. राउंडला डॉक्टर विचारायचे "औषध बरोबर देताय ना?" आणि आया मान हलवायच्या. तुम्ही मागे थांबून विचारायच्या, "माय, रातले पोऱ्याले कितलं औषध दिन्हं?" आणि मग खरं काय ते बाहेर यायचं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट चिमूट चिमूट करून ग्लासात टाकतेय, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून झिंकची गोळी बंद केलीये (ती १४ दिवस द्यायची असते, सहा महिन्यांच्या वरच्याला २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०). अँटिबायोटिकच्या पावडरीच्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी न घालता अर्धंच घातलंय, म्हणजे औषध डबल कडक. पाणी उकळून गार केलेलं, आधी थोडं टाकून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत भरायचं, हे तुम्ही आयांच्याच हातून करून घ्यायच्या. आणि घरी फ्रिज आहे का हे विचारल्याशिवाय तसली बाटली कुणाला जाऊ द्यायच्या नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे अ‍ॅमॉक्सिक्लाव्हची कालवलेली बाटली फ्रिजशिवाय आठवडा कशी काढणार, आणि फ्रिजमध्ये असली तरी सात दिवसांनी ती फेकायचीच. फ्रिज नाही म्हटलं की तुम्ही डॉक्टरांना गाठून दुसरं काहीतरी लिहून आणायच्या.

खोकल्याच्या औषधाचं तर काय बोलू. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याच्या लेकरांची बातमी आली, सायरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं, पोरांच्या किडन्या गेल्या, आणि मग इथे चोपड्यात लोक बाटल्या घेऊन दुकानात यायला लागले की ही चालेल का ताई. सरकारने पण तेव्हा सांगितलं की दोन वर्षांच्या आतल्यांना सर्दी-खोकल्याची औषधं नकोत आणि पाचच्या आत सहसा देऊ नका. तुम्ही आमच्या बॅचला हे कितीतरी आधी सांगत होतात, त्यामुळे मला नवीन काही पाठ करायला लागलं नाही. "ताई, पोऱ्याले खोकला शे, एक बाटली द्या" म्हणत कुणी आलं तर मी आधी वय आणि वजन विचारते आणि बरेचदा डॉक्टरकडेच पाठवते. धंदा बुडतो थोडा, मालक कुरकुरतो. कुरकुरू दे.

कॉलेजवाल्यांना माझं एकच म्हणणं आहे, त्या ५०० तासांतले थोडे तरी तास पोरांना अशा वॉर्डात काढू द्या, नुसतं पुस्तकातल्या चॅप्टरवर भागत नाही.

तर सिस्टर, मनापासून थँक्यू. आणि एक काम पण आहे. आमच्या दुकानात डी.फार्मची दोन पोरं ट्रेनिंगला आलीयेत, हुशार आहेत पण अजून वय विचारून डोस सांगतात. दवाखान्याच्या परवानगीचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा तेवढं कळवा, आणि तुमची सकाळची ड्युटी कोणत्या आठवड्यात आहे तेही. मी त्यांना चमचे घेऊनच पाठवते.

तुमची,
चोपड्याची फार्मासिस्ट
(वजनकाट्यावरून तोंड फुगवून बसलेली ती मीच)